कूलर चालला अकोल्याले

गावंडे सरांच्या घरचा कूलर गेली बावीस वर्षं गावंडे सरच लावत आले होते, असा गावंडे सरांचा समज होता. समजच म्हणायचा. एप्रिल लागला की सर स्टुलावर चढून म्हणत, "पाना दे," आणि साधनावहिनी पाना देत. सर म्हणत, "घास भिजवली काय?" आणि कूलरच्या जाळीतली घास भिजलेली असे. सर म्हणत, "मोटर पाह्य जरा," आणि मोटर कालच पाहून झालेली असे. मग सर बटण दाबत. कूलर घरघरायला लागला की सर दोन पावलं मागे सरून कमरेवर हात ठेवत आणि म्हणत, "लागला एकदाचा!" त्या लागण्यात बटणाशिवाय सरांचं काय होतं, हा प्रश्न अमरावतीच्या आमच्या कॉलनीत कोणी कधी विचारला नाही. सर नववीला विज्ञान शिकवत. बाष्पीभवनानं थंडावा कसा येतो हे फळ्यावर बाण काढून सांगत. अशा माणसाला कोण विचारणार?

यंदा पाना द्यायला कोणी नव्हतं. मागच्या जुलैत वहिनींना बढती मिळाली आणि कृषी खात्यानं त्यांना अकोल्याच्या कार्यालयात नेऊन बसवलं. तिथं त्यांनी एका घरी वरची खोली भाड्यानं घेतली. शनिवारी संध्याकाळच्या गाडीनं यायचं, रविवारी एका दिवसात आठवड्याचं घर आवरायचं, सोमवारी पहाटे जायचं, असं सुरू झालं. सरांचं आठवड्याचं काम एकच, शनिवारची वाट पाहणं. ते मात्र त्यांनी मन लावून केलं. मंगळवारपासूनच सर फाटकाकडं पाहायला लागत. सकाळी सवयीनं दोन कप चहा मांडत आणि दुसरा कप गार होईपर्यंत त्याच्याकडं पाहत बसत. पेपरातली बातमी मोठ्यानं वाचून "ऐकलं काय?" म्हणत आणि स्वयंपाकघरातून काही उत्तर आलं नाही की पेपराची घडी घालत. घर खायला उठतं म्हणतात ना, तसं ते उठलं होतं, आणि सर काही मोठा घास नव्हते.

त्यात एप्रिलात दोन शनिवार वहिनी आल्याच नाहीत. पहिल्या वेळी म्हणाल्या, काम आहे. दुसऱ्या वेळी म्हणाल्या, "अहो, खोली निरा भट्टी झाली. चार रात्री झोप नाई. गाडीत बसाचं त्राण नाई उरलं." सरांनी फोन ठेवला आणि विज्ञाननिष्ठ माणसासारखा विचार केला. त्यातून दोन उपाय निघाले. पहिला, वहिनींना अमरावतीत आणणं. दुसरा, तोवर कूलर अकोल्यात नेणं.

पहिल्या उपायासाठी सरकारनं एक अर्ज ठेवला आहे. त्याचं नाव पती-पत्नी एकत्रीकरण. सरांना ते नाव वाचून वाटलं, जणू आपण दोघं म्हणजे नववी अ आणि नववी ब, पटसंख्या घटली म्हणून एका खोलीत बसवायच्या. पण मुदत एप्रिलअखेरपर्यंत होती, तेव्हा मान-अपमान बाजूला ठेवून सर शाळेच्या बाबूकडं दाखला मागायला गेले.

"नवरा-बायको येगयेगळे राह्यता याचा पुरावा लागते, सर," बाबू म्हणाला.

"माह्या तोंडाकडं पाह्य नं. दिसत नाई काय?"

"तोंडाची साक्षांकित प्रत चालत नाई, सर."

शेवटी सरांनी स्वतःच्या हातानं लिहून दिलं, की मी खाली सही करणार माझ्या पत्नीपासून पंचाण्णव किलोमीटर अंतरावर राहतो. सही करून सरांनी ते वाक्य पुन्हा एकदा वाचलं. चोवीस वर्षांच्या नोकरीत असलं खरं वाक्य त्यांनी शाळेच्या कागदावर कधी लिहिलं नव्हतं.

अर्जात शेवटी एक रकाना होता. जोडीदाराने भरावयाचा. एकत्रीकरणाची आवश्यकता काय? खाली दोन ओळी कोऱ्या. सर शेजारच्या नत्थुजींकडं गेले. नत्थुजी एसटीतून निवृत्त झालेले. जगातली कोणतीही अडचण ही मुळात एसटीची अडचण आहे आणि आपण ती सोडवलेली आहे, अशी त्यांची श्रद्धा. ते म्हणाले, "सरकारले गैरसोय सांगा लागते, सर. प्रेमबिम चालत नाई तिथं. लिवा, घरातील स्वयंपाक, धुणे व पाहुणे यांची गैरसोय होते." सरांना वाक्य फार भारदस्त वाटलं. तसंच उतरवलं, तेही पक्क्या बॉलपेननं. अर्जावर आता फक्त अर्जदाराची, म्हणजे वहिनींची, सही राहिली होती. सरांनी तो घडी करून खिशात ठेवला.

दुसऱ्या उपायाला मात्र नत्थुजींच्या बायकोनं, माणिकबाईंनी, तिथल्या तिथं खीळ घातली. त्या गहू निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "सर, तिकडं थंडं थंडं करून देसान, मंग ते वापस काहून येईन?"

सर जागीच थिजले. हा मुद्दा विज्ञानात आला नव्हता. कूलर नेला तर वहिनींना तिथं बरं वाटणार. बरं वाटलं तर सही कशाला करतील? नाही नेला तर इकडं यावंसं वाटेल, पण तोवर जीव उन्हात भाजणार. एक दिवस सर घरात येरझाऱ्या घालत राहिले. मग दुपारी तीनला उघड्या खिडकीतून झळ आत आली, तेव्हा त्यांना आठवलं की अकोल्यात याहून दोन अंश जास्त असतं. साधना घामानं निथळत बसली असेल आणि आपण इथं डाव आखून राहिलो. सरांची सरांनाच लाज वाटली. त्यांनी सज्ज्यावरून कूलर खाली ओढला. कूलर आला, सोबत जुनी रद्दी आली, एक पितळी घंगाळ आलं आणि ते सरांच्या पायाच्या अंगठ्यावर आलं.

"एसटीत टाका. मी आहो नं," नत्थुजी म्हणाले.

वहिनी संध्याकाळची गाडी धरायच्या आत पोचावं, म्हणून शनिवारी सकाळची शाळा सुटल्याबरोबर सर आणि नत्थुजी कूलर घेऊन स्थानकात उभे राहिले. कंडक्टरनं कूलरभोवती एक चक्कर मारली. "हे लगेज नाई, काका. हे खोली हाय," तो म्हणाला, "याले भाडेकरू पाह्यजे." नत्थुजींनी आपण कोणत्या डेपोत, कोणत्या साली, कोणाच्या हाताखाली होतो हे सगळं सांगितलं. तेवढ्यात बस निघून गेली. नत्थुजी बराच वेळ बसच्या मागच्या काचेकडं पाहत होते. "आमच्या वक्ती असं नव्हतं," ते म्हणाले.

शेवटी बायपासवर वरूडहून संत्री घेऊन अकोल्याच्या बाजारात चाललेला एक ट्रक थांबला. पुढं जागा नव्हती. तेव्हा मागं संत्र्यांच्या क्रेटांमध्ये कूलर आणि कूलरला कवटाळून गावंडे सर, अशी वरात निघाली. वाऱ्यानं कूलरचा पंखा मूर्तिजापूरपर्यंत उलटा फिरत होता आणि सरांच्या तोंडावर बरोबर गरम हवा मारत होता. वाटेत दुचाकीवरून जाणाऱ्या एका माणसानं सरांना ओळखून नमस्कार केला. माजी विद्यार्थी. सरांनी जणू शाळेच्या सहलीवर असावं तसा हात हलवला.

एवढा त्रास होत होता, पण खरं सांगायचं तर सर आत कुठंतरी खूश होते. जरा वेळानं साधना दिसणार. दार उघडेल, आश्चर्यानं तोंडावर हात ठेवेल, म्हणेल, अहो, तुमी! जवळजवळ तीन आठवडे तो चेहरा पाहिला नव्हता. सरांनी संत्र्यांच्या वासात बसून ते "अहो, तुमी!" तीन-चार चालींत म्हणून पाहिलं.

अकोल्यात दार घरमालकीण पार्वताबाईंनी उघडलं. वहिनी बाजारात गेल्या होत्या.

"तुमी कोन?"

"मी गावंडे. साधनाचा... साधना गावंडेंचे मिस्टर. अमरावतीले शाळेत शिकवतो."

पार्वताबाईंनी सरांना खालून वर न्याहाळलं. "हाय काय बाप्पा! म्या त समजली होती का साधनाबाईले मालक नसनच. धा महिन्यांत कोनी दिसलंच नाई. इचारू कसं, म्हून इचारलं नाई."

सरांना ते घंगाळापेक्षा जोरात लागलं. पण ट्रकवाल्याला घाई होती. त्यानं कूलर वरच्या गच्चीवर चढवून दिला. तेव्हा लक्षात आलं की कूलरची लोखंडी घोडी अमरावतीतच राहिली. ट्रकवाला भला माणूस. चार रिकामे क्रेट ठेवून गेला. सरांनी ते रचून वहिनींच्या खिडकीबाहेर कूलर उभा केला. खिडकी उघडीच होती. तिच्यातून हात घालून वायर आतल्या प्लगात खोचली. उरलं होतं ते पाणी. गच्चीच्या कोपऱ्यात एक मोठा निळा ड्रम भरलेला होता. वहिनी यायच्या आत गार हवा सुरू पाहिजे, या एका ध्यासानं सरांनी बादलीमागून बादली ओतली. ड्रम तळाला गेला. सर घामाघूम झाले होते, पण मन भरून आलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा कूलर त्यांनी एकट्यानं लावला होता.

मग पायाला गार लागलं. वाटलं, थंडावा सुरू झाला की काय? खाली पाहतात तर कूलरच्या बुडाच्या कोपऱ्यातून पाण्याची जाड धार सुटलेली. टाकीच्या भोकाचं बूच नव्हतं. घासेचा, मोटरीचा, पान्याचा विचार झाला होता. बूच नावाची वस्तू जगात आहे हेच सरांना बावीस वर्षांत माहीत झालं नव्हतं. धार गच्चीच्या उतारानं निघाली आणि त्या उतारावर जुन्या साडीवर पार्वताबाईंच्या कुरड्या वाळत होत्या. तीन दिवस गहू भिजवून, चीक काढून, पहाटे उठून घातलेल्या.

सरांनी पालथं पडून भोकात बोट घातलं. धार थांबली, पण आता सर उठू शकत नव्हते. गच्ची तव्यासारखी तापलेली, पोटाखाली पाणी, बोट भोकात. अशा अवस्थेत त्यांनी हाक मारली. "पार्वताबाई! जरा वर या जी!"

पार्वताबाई वर आल्या. आधी कुरड्या पाहिल्या. मग ड्रम पाहिला. मग सर पाहिले.

"अवं माय! पाच दिवसाआड नळ येते इथं! मानसाले प्याचं पाणी तुमी डब्ब्याले पाजलं? अन् माह्या कुरड्याइची खीर केली! मास्तर ना तुमी?"

"शिक्षक," सर पालथ्या अवस्थेतून म्हणाले.

तेवढ्यात जिन्यात ओळखीची पावलं वाजली. सरांना पावलं कळली. मान वळवायला जागा नव्हती, पण कळली. भाजीची पिशवी खाली ठेवल्याचा आवाज आला.

"अहो... तुमी?"

ट्रकमध्ये म्हणून पाहिलेल्या चालींपैकी ही एकही नव्हती. वहिनींचा आवाज आधी एकदम उजळला आणि मग पालथा नवरा, ओल्या कुरड्या आणि रिकामा ड्रम बघून हळूच खाली आला.

"कूलर आणला," सर म्हणाले.

"ते दिसून राहिलं."

वहिनी आत गेल्या. मसाल्याच्या डब्याचं झाकण वाजलं. त्या परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात एक लहानसं काळं रबरी बूच होतं, हळदीनं जरा पिवळं झालेलं. दर उन्हाळ्याच्या शेवटी त्या ते काढून मसाल्याच्या डब्यात ठेवत, हरवू नये म्हणून. अकोल्याला येताना डबा आला, त्यात बूचही आलं. त्यांनी सरांचं बोट बाजूला केलं, बूच बसवलं आणि जरासं पिळलं. पाच सेकंदांचं काम. "उठा," त्या म्हणाल्या.

सर उठले तसा खिशातून भिजलेला अर्ज पडला. वहिनींनी तो उचलून खिडकीच्या कठड्यावर वाळत घातला. मुख्याध्यापकांचा शिक्का पसरून जांभळं तळं झालं होतं, बाबूची सही वाहून गेली होती. नेमकं बॉलपेननं लिहिलेलं ते एक वाक्य तेवढं ठणठणीत होतं. वहिनींनी वाचलं. स्वयंपाक, धुणे व पाहुणे यांची गैरसोय होते.

"हे माह्याबद्दल आहे?"

"सरकारी भाषा आहे ते. नत्थुजीनं सांगतली."

वहिनी रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या कूलरला टेकून शांतपणे बोलल्या. "चाळीस शनिवार मी आले. गाडीत उभं राहून आले, तापात आले. एकदा तरी तुमाले वाटलं काय, का गाडी तिकडूनही निघते?"

"मी वाट पाह्यत होतो नं, साधना. रोज."

"माहीत आहे. वाट पाह्यन्यात तुमी हुशारच आहा. म्हून तर दोन शनिवार आले नाई मी. म्हटलं, पाहू, येते काय हा माणूस."

सरांनी मनात हिशेब मांडला. पंचाण्णव किलोमीटर. अमरावतीला लागून असलेल्या बदनेऱ्याहून सव्वा तासाची गाडी. दहा महिने ती गाडी त्यांच्या डोक्यात फक्त एकाच दिशेनं धावत होती. एवढी साधी गोष्ट नववीच्या पोरालाही सुचली असती. डोळ्यांत टचकन पाणी आलं आणि सरांनी घाम पुसायच्या निमित्तानं रुमाल काढला. रुमालही ओलाच होता.

"अर्ज नवा आणा," वहिनी म्हणाल्या. "कारण नीट लिवून आणा. अन् पोस्टानं नका पाठवू. पुढच्या शनिवारी स्वतः घेऊन या. मंग पाहीन सहीचं."

त्या दिवशी सरांनी चौकातून टँकरचं पाणी आणून ड्रम भरला. वहिनींनी बटण दाबलं. सर मुद्दामच मागे उभे राहिले. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणं झाल्यावर कूलरसमोर चटई टाकून दोघं आडवी झाली. खूप दिवसांनी वहिनींचा डोळा लागला. सर मात्र जागेच होते. घरघर ऐकत, बायकोच्या कपाळावर उडणारी बट पाहत पडून राहिले, आणि संध्याकाळची गाडी येऊच नये असं त्यांना वाटत होतं.

पुढचा आठवडा अमरावतीत कूलरशिवाय गेला. पण उन्हापेक्षा त्या दोन कोऱ्या ओळींनी सरांना जास्त भाजलं. नत्थुजी म्हणाले, "कमरेचं दुखणं लिवा. एसटीत अर्ध्या बदल्या कमरेवरच होत." बाबू म्हणाला, वृद्ध आईवडील दाखवा. सरांचे आईवडील जाऊन वर्षं झाली होती. सरांनी कच्च्या वहीत लिहून पाहिलं. कौटुंबिक स्वास्थ्य. खोडलं. परस्पर सहकार्याचा अभाव. तेही खोडलं. सकाळी सवयीनं दोन कप चहा मांडला, दुसरा कप गार झाला. सर त्या कपाकडं पाहत होते, आणि मग त्यांनी पेन उचललं.

बाबूनं वाचून कपाळाला हात लावला. "सर, हे नियमात बसत नाई."

"बसत नाई हे मलेही माहीत आहे. शिक्का मार."

शनिवारी सर बदनेऱ्याहून गाडीत बसले. बसले म्हणजे उभे राहिले. हातात पिशवी होती, पिशवीत माणिकबाईंनी पार्वताबाईंसाठी दिलेल्या कुरड्या. अकोल्याला घरापाशी पोचले तर वहिनी वर गच्चीतच उभ्या होत्या, फाटकाकडं डोळे लावून. सरांनी ती नजर बरोबर ओळखली. दहा महिने ती त्यांच्याकडं होती.

सरांनी वर जाऊन अर्ज पुढं केला. वहिनींनी शेवटचा रकाना काढला. दोन ओळींपैकी एक कोरीच होती. दुसरीत दोनच शब्द होते.

करमत नाही.

वहिनी ते दोन शब्द बराच वेळ वाचत राहिल्या. मग आत जाऊन पेन आणलं आणि कार्यालयातल्या फायलीवर लिहितात तशा वळणदार अक्षरात त्या कोऱ्या ओळीवर लिहिलं, सहमत. खाली सही केली, तारीख टाकली.

"असं लिवलेलं चालते काय?" सरांनी भीतभीत विचारलं.

"नाई चालत. बाबू वापस पाठवन."

"मंग?"

"मंग पुन्हा लिवू," वहिनी म्हणाल्या आणि पदरानं डोळे टिपत बादली सरांच्या हातात दिली. "कूलरमधलं पाणी संपलं. भरा. बूच लावलेलं आहे."